१२ मे १९२६ची संध्याकाळ : शोस्ताकोविचची पहिली सिम्फनी

गेल्या खेपेला आपण हान्सलिकपाशी थांबलो होतो. भावना हा संगीताचा आशयच नव्हे, नादांचे हलते-फिरते आकार हाच त्याचा आशय, असं त्याने १८५४ साली मांडलं. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली. "मग डोळ्यांत पाणी का येतं?" एवढंच, खाली नाव नाही. प्रश्न रास्त होता. मी त्या दिवशी दिलेलं उत्तर अगदी मास्तरी होतं, घरी पोचेपर्यंत माझं मलाच ते पटेनासं झालं. म्हणून आज सिद्धान्त जरा बाजूला ठेवतो आणि एकच सिम्फनी घेतो. दिमित्री शोस्ताकोविचची पहिली. लिहून पूर्ण झाली तेव्हा तो १८ वर्षांचा होता, पहिल्यांदा वाजली तेव्हा १९ वर्षांचा.

ती माझ्याकडे कशी आली ते आधी सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. आमच्या पिढीतल्या लोकांना सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं आठवत असतील. गुळगुळीत कागदाची, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं दोन-तीन रुपयांत मिळायची. त्याच टेबलावर एका कोपऱ्यात 'मेलोदिया'च्या तबकड्या असत. त्या कुणी फारसं उलटून बघत नसे. मी एक उचलली. वेष्टणावरची रशियन अक्षरं वाचता येत नव्हती, विक्रेत्याने नाव सांगितलं. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होतो. मित्राच्या खोलीवर रेकॉर्ड प्लेअर होता, तिथे दुपारी लावली. पहिले दोन भाग आम्ही गप्पा मारत ऐकले. तिसरा सुरू झाल्यावर मित्र उठला आणि त्याने पंखा बंद केला. मे महिना होता. पंख्याचा आवाज मध्ये नको, एवढंच त्याचं म्हणणं. नंतर बराच वेळ आम्ही बोललो नाही.

पुढे मी शिकवायला लागलो. सौंदर्यशास्त्राच्या तासाला ही सिम्फनी दरवर्षी लावायचो. तोवर शोस्ताकोविचबद्दल बरंच वाचून झालं होतं. १९३६च्या जानेवारीत 'प्रावदा'ने त्याच्या ऑपेरावर केलेला हल्ला, त्याने मागे घेतलेली चौथी सिम्फनी, १९३७ साली गोळी घातलेला त्याचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्हस्की, १९४८ची दुसरी नाचक्की. १९७९ साली सोलोमन वोल्कोव्हचं पुस्तक आलं. शोस्ताकोविचने आपल्याला सांगितलेल्या आठवणी म्हणून त्याने ते छापलं. त्या खऱ्या किती यावर अजून वाद चालू आहे. पण त्या पुस्तकाने एक गोष्ट नक्की केली. जगभरचे लोक शोस्ताकोविचच्या प्रत्येक सुरात गुप्त निरोप शोधू लागले. मीही शोधू लागलो. पहिल्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात एका जागी सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि टिंपनी, म्हणजे ते मोठे नगारे, एकटे वाजतात. मी वर्गात सांगायचो : ही मध्यरात्री दारावर पडलेली थाप आहे.

पोरं भारावून जायची. मलाही बरं वाटायचं.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही सांगताय ते सगळं १९३६ नंतरचं. सिम्फनी १९२५ची आहे ना?" मी म्हणालो, कलावंताला आधी कळतं. वर्ग हसला, ती खाली बसली. ते उत्तर नव्हतं, पळवाट होती. त्या मुलीची आज जाहीर माफी मागतो, ती ऐकत असेल तर. नसेल तरीही.

तर मग १९२५ साली काय होतं? तेवढंच बघू. त्यापुढचं काहीही आपल्याला माहीत नाही असं धरून चालू.

मुलाचा जन्म १९०६चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील इंजिनिअर, वजनमापांच्या सरकारी कचेरीत, जिथे आवर्त सारणीवाला मेंडेलेयेव्ह प्रमुख होता. आई पियानो शिकलेली, तिनेच मुलाला बसवला. १९१७च्या क्रांतीत तो ११ वर्षांचा. १९१९ साली, १३व्या वर्षी, पेत्रोग्राद कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. ते शहर डोळ्यांसमोर आणा. यादवी युद्ध, भूक, सरपण नाही. २० लाखांवरची वस्ती १९२०पर्यंत सात-आठ लाखांवर आलेली. कॉन्झर्व्हेटरीच्या वर्गांतही कडाक्याची थंडी. विद्यार्थी अंगावर कोट, हातात मोजे घालून बसायचे आणि लिहायच्या वेळेपुरते मोजे काढायचे.

कॉन्झर्व्हेटरीचा संचालक अलेक्सांद्र ग्लाझुनोव. या माणसाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जुन्या वळणाचा, रिम्स्की-कोर्साकोव्हचा शिष्य. या पोराचं संगीत त्याच्या कानाला रुचत नव्हतं, तरी त्याला जादा शिधा मिळावा म्हणून तो खटपट करत राहिला. गॉर्कीकडे शब्द टाकायला गेला तेव्हा गॉर्कीने विचारलं, तुम्हाला आवडतं का याचं संगीत? तर हा म्हणाला, मुळीच नाही, पण येणारा काळ या मुलाचा आहे, माझा नव्हे. अशी आठवण सांगितली जाते. न आवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या ताटात भाकरी पडावी म्हणून झटणारा शिक्षक! मी इतकी वर्षं नोकरी केली, असे किती पाहिले ते विचारू नका.

याच ग्लाझुनोवची दुसरी बाजूही आहे. १८९७ साली याच शहरात २३ वर्षांच्या राखमानिनोव्हची पहिली सिम्फनी त्यानेच वाजवून घेतली होती, आणि ती साफ पडली. टीकाकार क्युईने अशी सालं काढली की राखमानिनोव्हला जवळजवळ तीन वर्षं धड काही लिहिता आलं नाही, डॉक्टर दाल यांच्याकडे उपचार घ्यावे लागले. ती सिम्फनी त्याच्या हयातीत पुन्हा वाजली नाही. दुसऱ्यांदा वाजली ती थेट १९४५ साली, तो गेल्यावर दोन वर्षांनी. तरुण माणसाची पहिली सिम्फनी ही अशी जोखीम असते. एका संध्याकाळीत काय होईल सांगता येत नाही.

आता पुन्हा आपल्या मुलाकडे. १९२२च्या फेब्रुवारीत वडील न्यूमोनियाने गेले. मागे आई, एक मोठी बहीण, एक धाकटी. आईने कॅशियरची नोकरी धरली. १९२३च्या वसंतात मुलाला क्षय झाला. ग्रंथींची शस्त्रक्रिया झाली आणि पियानोची अखेरची परीक्षा त्याने गळ्याला बांधलेल्या पट्टीसकट दिली. उन्हाळ्यात हवापालटासाठी क्रिमियात गेला. तिथे तात्याना ग्लिवेन्को नावाची मुलगी भेटली, प्रेम जडलं. मग परत येऊन पोटासाठी मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवायला लागला. ही नोकरी फार महत्त्वाची आहे. रोज संध्याकाळी, तासन्‌तास, पडद्याकडे बघत, समोर जे घडेल त्याला साजेसं वाजवायचं. पाठलाग, चुंबन, पडणं, मरण, लगेच पुन्हा पाठलाग. त्याला या कामाचा तिटकारा होता. पण हसण्यातून रडण्यात एका क्षणात जायचं कसं, हे त्याच्या बोटांत तिथेच बसलं, असं मला वाटतं. सिम्फनीत ते जागोजागी ऐकू येतं.

१९२४च्या शरदात त्याने सिम्फनी हातात घेतली आणि १ जुलै १९२५ला संपवली. कॉन्झर्व्हेटरीच्या पदवीसाठीचं हे काम, म्हणजे एका अर्थी परीक्षेची उत्तरपत्रिका. शिक्षक मॅक्सिमिलियान श्टाइनबर्ग, रिम्स्की-कोर्साकोव्हचा जावई. लिहिताना मित्राला पत्रात त्याने गमतीने म्हटलं होतं की हिला 'सिम्फनी-ग्रोटेस्क' म्हणावं, म्हणजे विचित्र, वेडावून दाखवणारी. हे लक्षात ठेवा. मुलाच्या स्वतःच्या मनात तिचं पहिलं नाव शोकाचं नव्हतं, वेडावण्याचं होतं.

सुरुवातच ऐका. तोंड दाबलेला एकटा ट्रम्पेट एक तिरकस वाक्य बोलतो, खालून बासून त्याला उलट उत्तर देतो. सिम्फनी अशी सुरू होत नसते. सिम्फनीने कसं, दार उघडून रुबाबात यावं. ही मागच्या दाराने येते आणि जीभ काढून दाखवते. ग्लाझुनोवने सुरुवातीच्या काही जागा दुरुस्त करून दिल्या होत्या. मुलाने मान डोलावली आणि नंतर गुपचूप आपल्याच जागा परत घातल्या. पहिल्या भागात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे, स्त्राविन्स्कीचा 'पेत्रुश्का' त्याने मन लावून ऐकलेला दिसतो. दुसऱ्या भागात चक्क पियानो येतो, थिएटरातलाच, धावपळ करत. आणि शेवटाकडे तोच पियानो तीन वेळा सगळ्या ताकदीने एक कोरडा स्वरसमूह आपटतो. हसणं तिथे थांबतं. का थांबलं ते सांगत नाही.

मग तिसरा भाग, लेंटो. मित्राने पंखा बंद केला तो इथे. ओबो एकटा एक लांब ओळ गातो, खाली तंतुवाद्यं थरथरत असतात. मग चेलो ती ओळ घेतो. थोड्या वेळाने ट्रम्पेटमधून एक लहानशी आकृती येते, मोजून सहा स्वरांची, दूरवरून येणाऱ्या तुतारीसारखी. ती ओळीला अडवत नाही, पण जातही नाही. गाणं चालू आणि हे मागे उभं. माझ्या मते या सिम्फनीतलं सगळ्यात मोठं दुःख त्या ओबोच्या गाण्यात नाही. या न जाणाऱ्या सहा स्वरांत आहे. तिसरा भाग संपतो तेव्हा छोट्या ड्रमचा कडकडाट वाढत जातो आणि मध्ये श्वासही न घेता चौथा भाग अंगावर येतो.

आणि आता तो नगारा. चौथ्या भागात गदारोळ टिपेला जातो, सगळं थांबतं, टिंपनी एकटी तीनदा तेच वाक्य बोलते. आधी दणक्यात, मग उतरत, शेवटी दबक्या आवाजात. हे वाक्य काय आहे? तिसऱ्या भागातले ते सहा स्वर, उलटे केलेले. तिथे जे वर जात होतं ते इथे खाली येतं. ही दारावरची थाप नव्हे, मंडळी. बाहेरून कुणी आलेलं नाही. आधीपासून घरात जे उभं होतं तेच आता तोंड फिरवून बोललं. आणि त्यानंतर लगेच एकटा चेलो येतो, आवाज दाबून. मी वीस वर्षं पोरांना दाराकडे बघायला लावलं आणि आतलं ऐकायचं राहून गेलं. स्वरलिपी शेजारी ठेवून ऐकलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. पण गोष्ट इतकी छान जमली होती ना!

१२ मे १९२६. लेनिनग्राद फिलहार्मोनिकचं सभागृह, पूर्वीचं सरदार-उमरावांचं. पांढरे खांब, झुंबरं. चायकॉव्हस्कीने आपली शेवटची सिम्फनी, 'पाथेटिक', मृत्यूच्या नऊ दिवस आधी इथेच स्वतः वाजवून घेतली होती, १८९३ साली. आता संचालक होता निकोलाय माल्को. सभागृहात मुलाची आई, शिक्षक, ग्लाझुनोव. दुसरा भाग लोकांना इतका आवडला की तो पुन्हा वाजवावा लागला. शेवटी संगीतकाराला बोलावलं, आणि मंचावर आलं एक चष्मेवालं, किडकिडीत, कोवळं पोर. लोक बघत राहिले. पुढल्याच वर्षी ब्रुनो वाल्टरने ती बर्लिनला वाजवली, १९२८ साली स्तोकोव्हस्कीने फिलाडेल्फियात. शोस्ताकोविचने १२ मे ही तारीख जन्मभर पाळली.

जरा थांबून एक गोष्ट बघा. त्या संध्याकाळी लोकांनी पुन्हा मागितला तो थट्टेचा भाग. लेंटो नाही. आम्ही पंखा बंद केला तिथे त्यांनी 'पुन्हा एकदा' म्हटलं नाही. याचा अर्थ त्यांना लेंटो भिडला नाही असा काढू नका, रडवणारं कुणी लगेच पुन्हा मागत नाही. पण त्या लोकांना त्या मुलात भविष्यातला हुतात्मा दिसत नव्हता. भूक आणि यादवी मागे टाकून आलेल्या शहराला आपल्याच एका पोराने इतकं चपळ, इतकं टवाळ काहीतरी लिहावं, याचा त्यांना आनंद झाला होता. आणि मरण त्यांना नवं नव्हतं, त्यालाही नव्हतं. या मुलाने क्रांतीत मेलेल्यांसाठी शोकगत लिहिली तेव्हा तो ११-१२ वर्षांचा होता. कवी गुमिल्योव्हला याच शहरात १९२१ साली गोळी घातली गेली. तिसऱ्या भागासाठी त्याला स्टालिनची वाट बघायची गरज नव्हती. बाप गेलेला होता, स्वतः क्षयातून उठलेला होता, तात्याना मॉस्कोत होती.

"बघा, म्हणजे शेवटी चरित्रच आलं की!" असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणार. आलं. पण दोन गोष्टींत फरक करा. माणूस कुठल्या मातीत उभा राहून लिहितो ते कळणं वेगळं, आणि त्याच्या पुढच्या आयुष्यातला शेवट आणून सुरुवातीला चिकटवणं वेगळं. कुमार गंधर्वांची लहानपणची ध्वनिमुद्रणं ऐकताना आपल्यातले काही जण हेच करतात. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या तानेत त्यांना देवासचं आजारपण ऐकू येतं. ते पोर बिचारं मजेत गात होतं.

आता चिठ्ठीचं उत्तर. आपल्याकडे भट्टनायकाने यासाठी 'साधारणीकरण' हा शब्द दिला. रंगमंचावरचा शोक रामाचा राहत नाही, नटाचा राहत नाही, माझाही राहत नाही. तो कुणाच्याच मालकीचा उरत नाही म्हणून तर सगळ्यांना चाखता येतो. अभिनवगुप्ताने पुढे यावर बरंच काम केलं, त्यात आज शिरत नाही. मला एवढंच दिसतं : त्या मेच्या दुपारी आम्हाला शोस्ताकोविचचं आयुष्य माहीत नव्हतं. वेष्टणसुद्धा वाचता येत नव्हतं. तरी पंखा बंद झाला. दोन भाग टवाळकी करणारा आवाज अचानक सरळ बोलू लागला, आणि त्याच्या मागे काहीतरी उभं राहिलं ते हलेना, एवढं पुरेसं होतं. हान्सलिकला विचाराल तर तो म्हणेल, हा आकारच आहे. खरं आहे त्याचं. फक्त त्या आकाराला तोंड देताना आपण कोरडे राहत नाही, हे त्याने जरा घाईत सोडून दिलं.

इथे थांबलो असतो तर माझं म्हणणं नीट बसलं असतं. पण दोन गोष्टी त्यात बसत नाहीत, आणि त्या लपवणं बरं नाही.

पहिली. सिम्फनी अर्पण केली होती मिखाईल क्वाद्री या मित्राला. तोही संगीतकार, मॉस्कोच्या तरुण मंडळींतला, याला धीर देणारा. १९२९ साली क्वाद्रीला अटक झाली आणि गोळी घातली गेली. त्यानंतर छापील प्रतींतून अर्पणपत्रिका नाहीशी झाली. म्हणजे मी नगाऱ्यात जे शोधत होतो ते या सिम्फनीला खरंच येऊन चिकटलं, पण पहिल्या पानावर. तिथे काही ऐकू येत नाही. फक्त एक नाव नाही.

दुसरी गोष्ट १९६०ची. शोस्ताकोविच ५३ वर्षांचा. कम्युनिस्ट पक्षात सामील व्हायचा दबाव त्याच्यावर आलेला आणि त्यापुढे तो झुकलेला. जुलैत ड्रेस्डेनजवळ एका चित्रपटाच्या कामासाठी गेला असताना तीन दिवसांत त्याने आठवं स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं. वर अर्पण 'फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींना'. आत मात्र त्याच्या स्वतःच्या जुन्या रचनांचे तुकडे, आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचे चार स्वर. ते चार स्वर झाल्यावर पहिला कुठला तुकडा येतो? पहिल्या सिम्फनीचा आरंभ. ते जीभ काढून दाखवणारं ट्रम्पेटचं वाक्य. तेच स्वर. आता ट्रम्पेट नाही, चार तंतुवाद्यं आहेत, चाल संथ, आणि टवाळकीचा मागमूस नाही.

मी विद्यार्थ्यांसमोर जी चूक वीस वर्षं केली, ती त्याने स्वतः स्वतःच्या बाबतीत केली, असं म्हणू का? धीर होत नाही. त्याचा तो हक्क होता, माझा नव्हता, असंही म्हणता येईल. पण तेवढ्यानेही माझं समाधान होत नाही. त्या मुलीने आज पुन्हा हात वर केला तर हे मी तिच्यासमोर ठेवेन आणि तिला काय वाटतं ते विचारेन.

आता मागचा तो दिवा बंद करा. दोन तुकडे ऐकू. आधी सिम्फनीची सुरुवात, दोनच मिनिटं. मग मध्ये काही न बोलता क्वार्टेटचा पहिला भाग, तो पाचेक मिनिटांचा आहे. आणि हो, कुणाची हरकत नसेल तर पंखाही बंद करा.